चार बोटं वर

"ती नव्हे! अरे ती नव्हे रे, खालची! खालची कमान!"

आवाज असा होता की दुसऱ्या मजल्यावर माझ्या कपातला चहा आपण होऊन बशीत उतरला. गॅलरीत येऊन पाहिलं, तर आमचे चेअरमन बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्यात सोसायटीच्या गेटात उभे होते. दोन्ही हात वर, जणू कुणी बंदूक रोखली आहे. आणि त्यांच्या डोक्यावर, जिथे सकाळपर्यंत सोसायटीचं नाव फुगीर सिमेंटी अक्षरांत मिरवणारी कमान होती, तिथे मे महिन्याचं पांढरंफटक आभाळ होतं. कमानीचे तुकडे खाली नीट रचून ठेवले होते. शिडीवरचा गवंडी छिन्नी पुसत म्हणाला, "साब, आपनेच बोला था. कमान ऊपर लेने का, चार."

"चार बोटं! आणि गाडीची!"

"गाडी को कमान किधर होता है?"

प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. जीपच्या पोटाखाली वाकवलेल्या लोखंडी पट्ट्यांची जी चळत असते, जिच्यावर अख्ख्या गाडीचा भार असतो, तिला गॅरेजात कमान म्हणतात, हे आमच्या सोसायटीत एकट्या चेअरमनना माहीत होतं. सकाळी त्यांनी वॉचमनला सांगून ठेवलं होतं की काशीमीऱ्याच्या गॅरेजातून माणूस येईल, त्याला म्हणावं, कमान चार बोटं वर घ्यायची आहे. माणूस आला तो पाण्याच्या टाकीला प्लॅस्टर करायला. वॉचमनने निरोप दिला. त्यातली 'बोटं' वाटेत कुठेतरी गळाली. गवंड्याने चार म्हणजे विटांचे चार थर असा अर्थ लावला, टाकी सोडली आणि कमानीला हात घातला. हुकमाचा पक्का माणूस. असे आता मिळत नाहीत, आणि मिळू नयेत.

चेअरमनचं खरं नाव मी सांगत नाही. सांगितलं तरी आमच्या सिल्व्हर पार्कात कुणाला उमजायचं नाही, इतके ते नुसतेच चेअरमन होते. उंचीने एवढेसे. रेशनच्या रांगेत त्यांचा नंबर आला की दुकानदार त्यांच्या मागच्या माणसाला "बोला" म्हणे. याचं त्यांनी कधी वाईट वाटून घेतलं नाही. उंची ही जन्माने मिळत नसते, ती बसवून घ्यावी लागते, असं त्यांचं ठाम मत होतं.

गिरगावातून इथे आले तेव्हा त्यांनी तळमजल्यावर घर घेतलं, आणि पहिल्याच पावसात पाणी घरात येऊन चौकशी करून गेलं. तेव्हापासून त्यांचा संसार विटांवर चढला. पलंगाखाली विटा, कपाटाखाली विटा, जेवणाच्या टेबल-खुर्च्यांखाली विटा. त्यांच्याकडे जेवायला बसलं की मोठ्या माणसांचेही पाय लहान मुलांसारखे लोंबकळत. शेगडी अशी उंच, की वहिनी पाटावर उभ्या राहून फोडणी देत. देव तर थेट माळ्यावर होते. चेअरमन शिडी लावून पूजेला चढत आणि वरून तीर्थ सोडत. आपण खाली तोंड उघडून उभं राहायचं. नेम चांगला होता त्यांचा.

"माणसानं पाण्याच्या चार बोटं वर राहावं," हे त्यांचं आवडतं वाक्य. पाणी म्हणजे खाडीचंच असं नाही. साहेबाचा राग, पाहुण्यांचा मुक्काम, मुलांचे मार्क, सगळीकडे चार बोटं. वाद जिंकला की त्यांच्या भुवया वर जात. नुसत्या वर नव्हेत. दोन्हींच्या कमानी होऊन केसांत शिरत आणि समोरचा निघून जाईपर्यंत परत येत नसत. बिल्डिंगमधली पोरं म्हणायची, चेअरमनच्या कमानी वर गेल्या, पळा.

जीप त्यांनी लष्कराच्या लिलावातून उचलली होती. छोटी, चौकोनी, मोडक्या ट्रंकेला चाकं लावावीत तशी. "दोन लढाया पाहून आलीये," ते सांगत. माझा अंदाज असा की त्या दोन्ही तिने बसून पाहिल्या असाव्यात, कारण चालण्याची तिला सवय नव्हती. चेअरमन चालवायला बसले की बाहेरून गाडी रिकामी दिसे. भाईंदरच्या नाक्यावर एक हवालदार "बिगर ड्रायव्हरची जीप सुटली" म्हणून शिट्टी फुंकत पार फाटकापर्यंत मागे धावला होता. त्यानंतर ड्रायव्हरच्या सीटखालीही वीट आली.

आता वहिनींबद्दल, कारण हा सगळा खटाटोप त्यांच्या पायांसाठी होता.

वहिनी राईच्या. खाडीकाठचं गाव, भातशेती, मासे, आणि पावसाळ्यात उधाण आलं की रस्ता कुठे नि खाडी कुठे हे फक्त बगळ्यांना कळणारं. वहिनी उंच, शांत. चेअरमन दहा वाक्यं बोलत तेव्हा त्या एक "हं" म्हणत, आणि घर त्या "हं"वर चाले. जीप नवी असताना चेअरमन त्यांना गौरीसाठी माहेरी घेऊन निघाले. वाटेतलं मुर्धा मागे पडलं, राई दिसायला लागली, आणि भर पाण्यात जीप बसली. चेअरमननी परिस्थितीचा आढावा घेऊन सांगितलं की धक्का मारावा लागेल, आणि स्टेअरिंग सोडून त्यांना स्वतःला उतरता येणार नाही. मग वहिनींनी नवं पातळ खोचलं, गुडघाभर पाण्यात उतरल्या आणि स्वतःच्या माहेरात नवऱ्यासकट जीप ढकलत नेली. अख्खं गाव दारात उभं होतं. वहिनींचा भाऊ ओटीवरून म्हणाला, "दाजी, बायको हाय का बैल?"

गाव हसलं. असं हसलं की त्या वर्षी राईत माणसं पाऊस विसरली.

वहिनी घरी आल्यावर पाय पुसत एवढंच म्हणाल्या, "आता माहेरी जाईन ती कोरड्या पायानं." चेअरमन म्हणाले, मग उन्हाळ्यात रिक्षाने जा, सगळंच कोरडं असतं. तर म्हणाल्या, "पाण्यातून ढकलत गेले ते सगळ्यांनी पाहिलंय. आता पाण्यातूनच कोरडी जाईन, तेपण सगळ्यांनी पाहू दे." आणि खरोखर गेल्या नाहीत. एक गौर गेली, दुसरी गेली. भाऊ होडी घेऊन न्यायला यायला तयार होता. नाही म्हणजे नाही. आई तिकडून सुकी मासळी पाठवायची, या इकडून लोणचं पाठवायच्या, आणि मधल्या चार-पाच मैलांत दोघी एकमेकींची वाट बघत बसायच्या.

अशात भावजयीला दिवस गेले. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. गावातले, वेशीवरचे, खाडीपलीकडचे, सगळे देव सांगून झाले होते. बाळ श्रावणात व्हायचं होतं, म्हणजे बारसंही श्रावणात, म्हणजे पाण्यातच. आणि बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्याने. आत्या एकच. भाऊ स्वतः सिल्व्हर पार्कात येऊन, विटांवरच्या खुर्चीत पाय लोंबकळत बसून सांगून गेला, "आत्या न्हाय त नाव न्हाय. पोर बिननावाचं ऱ्हाईल माजं."

वहिनी नुसत्या "हं" म्हणाल्या, पण त्या दिवशी फोडणी करपली. त्या संध्याकाळी चेअरमन जीपखाली वाकून बराच वेळ काहीतरी पाहत बसले होते. उठले तेव्हा भुवया जागच्या जागी होत्या.

"गाडी वर घ्यायची," ते मला म्हणाले. "चार बोटं."

काशीमीऱ्याला हायवेवर त्यांच्या ओळखीचं गॅरेज होतं. तिथल्या मिस्त्रीला सगळे उस्ताद म्हणत. दिवसभर ट्रकच्या हॉर्नांवरून ओरडून बोलायची सवय झाल्यामुळे तो कानगोष्टही बोरिवलीपर्यंत ऐकू जाईल अशी सांगे. चेअरमन आणि तो बोलू लागले की बाजूच्या हॉटेलातली माणसं कप घेऊन बाहेर येत.

आधी पाणी मोजायचं होतं. चेअरमन राईच्या रस्त्यावर जाऊन, गेल्या उधाणाने कुंपणावर सोडलेल्या पाण्याच्या खुणेला स्वतःचा पाय लावून उभे राहिले आणि उस्तादला येऊन सांगितलं, पाणी गुडघ्याच्या चार बोटं वर येतं.

उस्तादने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्याला वेळ लागला नाही. "किसके घुटने के?" तो म्हणाला.

मग उपाय निघाले. कमानीच्या टोकाला जे लोखंडी दुवे असतात ते लांब घालायचे: काम एका दिवसाचं, पण पुढे गाडी दारू प्यायल्यासारखी डोलते. दुसरा उपाय, चाकांचा दांडा आणि कमान यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा सरकवायचा. हे ऐकताच चेअरमनचा चेहरा उजळला. "म्हणजे वीटच की!" उस्ताद म्हणाला, वीट बरोबर आहे, पण एखाद्या दिवशी ब्रेक मारला की वीट निसटेल, चाकं विरारला जातील आणि तुम्ही दहिसरला. तिसरा उपाय म्हणजे कमानीला हात न लावता नुसती बॉडी उचलायची. म्हणजे इंजिनाचं पोट पाण्यातच राहणार, फक्त टप उंच होणार. "टोपी पहनके लंबा होने जैसा," उस्ताद म्हणाला. चेअरमन उंच काठाची टोपी घालत. तो दिवस तिथेच संपला.

राहिला चौथा. कमानी उतरवायच्या, भट्टीत लाल करायच्या, जास्त बाक द्यायचा आणि खाली एक नवी पट्टी वाढवायची. हे खरं काम. फक्त गाडी कडक होते. "बैठनेवाले के दाँत गिनके बिठाना," उस्तादने बजावलं. चेअरमन म्हणाले, दात आमचे आम्ही सांभाळू, तुम्ही चार बोटं सांभाळा.

पण बोटं कुणाची? चेअरमनची बोटं वेलची केळ्यांसारखी, उस्तादची राजेळी. दोघांच्या चार बोटांत एक पूर्ण बोट जाईल एवढा फरक. वाद इतका पेटला की हायवेवरचे दोन ट्रकवाले उतरून पंच झाले. शेवटी चेअरमननी निकाल दिला: पाय जिचा कोरडा राहायचा, बोटं तिची. घरी येऊन त्यांनी वहिनींचा हात हळदीत बुडवून वर्तमानपत्रावर ठसा घेतला. उस्तादने तो भट्टीच्या वर भिंतीला चिकटवला. पुढे गॅरेजातल्या नव्या पोरांना तो कुणा देवीचा हात वाटला आणि रोज सकाळी तिथे उदबत्ती लागू लागली. अजूनही लागत असेल.

टायर निवडताना चेअरमननी कुणाचंच ऐकलं नाही. सगळ्या जातींचे टायर त्यांनी घरी आणले आणि दिवाणखान्यात मांडले. आल्यागेल्याला त्यावरच बसवत आणि विचारत, कसं वाटतंय. शेजारच्या जोशीकाकू एका रुंद टायरात बसल्या त्या दोन चहा होईपर्यंत निघेनात. पण खरी परीक्षा चिखलात, असं ठरलं. एका रविवारी मी आणि चेअरमन ते टायर मिठागराच्या कडेला घेऊन गेलो. ढकलण्याचं काम माझ्याकडे होतं, मत देण्याचं त्यांच्याकडे.

ट्रॅक्टरच्या टायरने पाच पावलांत इतका चिखल गोळा केला की बाहेर आला तो टायर नव्हता, रांजण होता. टेम्पोचा रुंद टायर चिखलावर बुडेचना. चेअरमन खूश. "बघ, तरंगतोय!" तरंगला, भरती आली, आणि आमच्या डोळ्यांदेखत तो तसाच तरंगत घोडबंदरच्या दिशेने निघून गेला. वसईत कुणाला सापडला असेल तर तो आमचा. चेअरमन काठावर उभे राहून विचारात पडले. मग म्हणाले, "तरंगणारा नको. रस्ता पाण्याच्या खाली आहे. टायरनं त्याला शोधून धरलं पाहिजे." तेव्हा लक्षात आलं की या माणसाने विनोद म्हणून काहीच चालवलेलं नव्हतं.

शेवटी पसंत पडला तो अरुंद, पण मूळच्यापेक्षा उंच टायर. त्याच्या गाठी सुट्या सुट्या होत्या, त्यामुळे त्यात चिखल राहत नव्हता. फिरता फिरता तो मागे फेकला जाई. मागे मी होतो. टायर पास झाला.

मोठ्या टायरमागून नवी दुखणी आली. वळताना चाक मडगार्डला घासू लागलं. उस्तादने मडगार्डची कड कापली. ओढ कमी झाली, म्हणून पाण्यात पहिल्या गिअरच्या वर जायचं नाही असं ठरलं. वेगाचा काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवू लागला. हे चेअरमनना फार आवडलं. "नम्र गाडी आहे. करते त्यापेक्षा कमी सांगते." आणि जाता जाता त्यांनी टपाचे लोखंडी दांडेही वाढवून घेतले, वहिनींचा अंबाडा आणि त्यावरचा गजरा दबायला नको. याबद्दल कुणी त्यांना विचारलं नाही आणि त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

तर गाडी गॅरेजात, आणि सोसायटीची कमान जमिनीवर. गवंड्याने काम अर्ध्यात सोडायला नकार दिला आणि चार थर चढवून कमान पुन्हा बांधली. नाव इतकं उंच गेलं की वाचायला रस्त्यापलीकडे जावं लागे. खजिनदार तिसऱ्या मजल्यावर राहत आणि चेअरमनच्या खुर्चीवर त्यांचा पहिल्यापासून डोळा होता. त्यांनी गेटातच सभा लावली. स्वतःच्या जीपच्या नादात सोसायटीची कमान पाडणारा माणूस चेअरमन राहू शकतो का, असा सवाल टाकून ते अर्धा तास बोलले. बोलणं खरं होतं, हीच अडचण होती. चेअरमन खाली मान घालून उभे होते. मला वाटलं, संपलं. खुर्ची गेली असती तर जीपही गेली असती. खजिनदारांनी तसा ठरावच आणला होता, की आवारात लष्करी वाहन नको.

हात वर करून मतं घ्यायची तेवढ्यात हायवेकडून एक गर्जना आली. उस्ताद स्वतः जीप घेऊन आला होता. सगळे बाजूला झाले. जीप गेटापाशी आली तेव्हा ती जीप वाटेना, मचाणाला चाकं लावल्यासारखी दिसत होती. टपाचे दांडे नव्या कमानीखाली आले, आम्ही श्वास धरला, आणि ती आत शिरली. गाडी कमानीखाली असतानाच उस्तादने ब्रेक मारला. खजिनदारांनी नकळत हात वर करून दांडा आणि कमान यांच्यातल्या फटीत घातला.

बरोबर चार बोटं.

जुनी कमान असती तर टप आत आलाच नसता. सगळे चेअरमनकडे बघायला लागले. मी अगदी शेजारी होतो म्हणून सांगतो: आधी ते पांढरे पडले. या माणसाने जन्मभर सगळी मापं खालून घेतली होती. वर कमान आहे हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. मग हळूहळू, एखादा झेंडा चढावा तशा त्यांच्या भुवया वर गेल्या.

"म्हणूनच," ते म्हणाले.

तेवढंच. खजिनदारांनी हात खाली घेतला आणि ठराव कागदासकट खिशात गेला.

श्रावणात मुलगा झाला. बारसं ठरलं ते पौर्णिमेच्या आसपास, ऐन भरतीच्या वेळी. भावाने मुद्दाम ठरवलं असावं, असं चेअरमन म्हणत. मी म्हणतो, मुलाने ठरवलं. निघताना जीप जिन्याच्या पायऱ्यांना लावली, पायरीवर पाट, पाटावर स्टूल, आणि त्यावरून हिरव्या पातळातल्या वहिनी वर चढल्या. हत्तीवर चढताना राणी कशी दिसत असेल ते मला तेव्हा कळलं. मी मागे, बाळासाठी शिवलेली झबली-टोपडी आणि चांदीचे वाळे छातीशी धरून. दात मोजून ठेवले होते.

मुर्ध्याच्या पुढे रस्ता संपला आणि पाणी सुरू झालं. दोन्ही बाजूंना माणसं छत्र्या घेऊन उभी. बातमी आधीच पोचली होती. चेअरमनचे ओठ हलत होते, मला वाटलं स्तोत्र म्हणतायत. कान दिला तर "फर्स्ट, फर्स्ट, फर्स्ट" चाललं होतं. पाणी चाकांच्या मध्यावर आलं. टायर पाण्याखाली रस्ता चाचपत, धरत, सोडत पुढे निघाले. आणि जिथे त्या वर्षी बसली होती, बरोबर तिथेच जीप खोकली. एकदा. पुन्हा एकदा. काठावर कुणीतरी हसायला तोंड उघडलं.

वहिनी समोर बघत म्हणाल्या, "हं."

इंजिनाची काय हिंमत. जीप सरळ झाली आणि पाणी फाडत राईत शिरली.

भावाच्या अंगणातही पाणी होतं. बारशाचा मांडव घातलेला, ओटीवर बायकांची गर्दी. जीप मांडवाच्या तोंडाशी थांबली, कारण टप आत जाईना. गुडघाभर पाण्यात उभ्या भावाने वर पाहिलं. "दाजी, गाडी हाय का माळा?"

वहिनींनी पातळ किंचित वर घेतलं आणि एक पाऊल बाहेर काढून सगळ्यांना दिसेल असं धरलं. कोरडं. आळतासुद्धा पुसला नव्हता. गाव माना उंचावून बघत राहिलं. ओटीवर त्यांची आई पदराने डोळे पुसत होती. चेअरमनच्या कमानी अशा वर गेल्या की टोपी सरकली.

आणि मग कळलं की चढायची सोय घरी होती, उतरायची इथे नाही.

खाली पाणी, मधे पुरुषभर अंतर. खुर्ची ठेवली, ती चिखलात गेली. भाऊ म्हणाला पाठीवर ये. वहिनी म्हणाल्या, भाताचं पोतं नाही मी. फळी आणायला माणूस पळाला तो शेजारच्या होडीची फळी काढायला गेला आणि होडीवाल्याशी भांडत बसला. इकडे मुहूर्त चालला. बाळ आत रडत होतं. तीन वर्षांनी आलेली लेक दहा पावलांवर होती आणि आईला तिला हात लावता येत नव्हता.

म्हातारीच शेवटी ओरडली, "अरे पोराला तिकडं न्या. आत्या नावाकडं येत न्हाय त नाव आत्याकडं जाऊदे."

आतला पाळणा सोडला आणि जीपच्या दांड्यांना बांधला. ज्या दांड्यांनी सोसायटी हादरली होती, ते शेवटी पाळण्याच्या कामी आले. बाळ हातोहात पाण्यावरून आलं. अर्ध्या बायका पाण्यात, अर्ध्या मडगार्डला धरून. पाळण्याखालून बाळ इकडून तिकडे द्यायचं असतं, ते एकीने वरून दिलं नि दुसरीने पाण्यातून झेललं. चेअरमननी 'उत्तुंग' हे नाव सुचवून ठेवलं होतं. वहिनींनी वाकून बाळाच्या कानात "कुर्रर्र" केलं, चहूकडे पसरलेल्या पाण्याकडे एकदा पाहिलं आणि नाव ठेवलं, सागर.

आता नाव ठेवलं की आत्याच्या पाठीत बाकीच्या बायकांनी धपाटे घालायचे असतात. सगळ्या आवेशाने पुढे आल्या, हात वर केले, आणि कुणाचाच हात पोचेना. वहिनी पाठ करून, खांदे आवरून, हसत वाट बघत होत्या. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि मग जीपलाच धपाटे घातले. मडगार्डवर असे वाजवले की पाळणा आपोआप हलायला लागला, नव्या कमानी कुरकुरल्या आणि बाळ झोपलं. वहिनी तशाच वाकून बसल्या होत्या. हसू थोडं उशिरा गेलं त्यांचं.

भरती ओसरली तेव्हा फळी आली. वहिनींनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चेअरमनच्या खांद्याचा आधार घेऊन उतरल्या आणि घोटाभर चिखलातून अनवाणी चालत आईकडे गेल्या. जेवल्या, बाळाला मांडीवर घेतलं. एकदोघींनी पाठीत धपाटे घातलेही, पण ती वेळ निघून गेली होती.

संध्याकाळी सिल्व्हर पार्कात परत आलो. नव्या कमानीखालून जीप आत आली, पाट-स्टूल लागलं, वहिनी उतरल्या आणि नळाखाली पायांचा चिखल धुऊ लागल्या. चेअरमन पायऱ्यांवर कंबरेवर हात ठेवून उभे. तीन वर्षांचं ओझं उतरलं होतं, आणि तिसऱ्या मजल्यावरून खजिनदार ऐकत होते.

"काय? नेलं की नाही कोरड्या पायानं?"

"नेलंत." वहिनींनी दुसरा पाय पुढे केला. "पाय कोरडे राहिले. पाठपण कोरडीच राहिली." मग म्हणाल्या, "उद्या ती कमान खाली आणा."

चेअरमन आता शहाणे झाले होते. त्यांनी आधी गेटाकडे पाहिलं, मग जीपच्या पोटाखाली पाहिलं आणि जपून विचारलं, "कुठली? गेटची की गाडीची?"

वहिनींनी नळ बंद केला आणि त्यांच्या कपाळाकडे पाहिलं.

"आधी तुमची," त्या म्हणाल्या.